मध्य टेक्सासच्या ओढ्यांतील सनफिश, फ्लाय रॉड आणि विणीचा हंगाम

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

ऑस्टिन, राउंड रॉक, सीडर पार्क या भागात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी फ्लाय रॉड (पिसांचा किंवा फोमचा नकली किडा, म्हणजे ‘फ्लाय’, फेकण्याची काठी) हाती घेतला, त्यांतील बहुतेकांची सुरुवात कॅन्यन धरणाखालच्या ग्वाडलूप नदीवर झाली. धरणाच्या तळाकडून सोडलेले थंड पाणी आणि हिवाळ्यात तेथे सोडले जाणारे रेनबो ट्राउट यांमुळे ती जागा प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. मात्र उन्हाळा लागला की हीच मंडळी रॉड कपाटात ठेवून पुढच्या डिसेंबरची वाट पाहतात. त्याच काळात घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ब्रशी क्रीक वाहत असतो, आणि त्यात सनफिश कुळातले निदान चार प्रकारचे मासे पाण्यावर पडणाऱ्या प्रत्येक किड्याकडे लक्ष ठेवून असतात. या ओढ्याकडे केवळ ‘सरावाची जागा’ म्हणून पाहिले जाऊ नये, त्याचा अभ्यास त्याच्यासाठीच व्हावा, या इच्छेने हा धागा काढत आहे.

आधी पाण्याविषयी लिहितो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तेच प्रमाण साडेसातच्या आसपास येते. ट्राउटला २० अंशांच्या पुढे त्रास होऊ लागतो, तर ब्लूगिल (सनफिशचाच एक प्रकार) आणि त्याचे भाऊबंद २७-२८ अंशांच्या पाण्यात उत्तम खातात आणि वाढतात. म्हणून उन्हाळ्यात ओढ्यावर जाताना ‘मासे असतील का’ हा प्रश्न नसतोच. दिवसाच्या कोणत्या वेळी ते कोणत्या जागी असतील, एवढेच पाहायचे असते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ते उथळ खडीवर येतात. दुपारी ते चुनखडकाच्या कपारीखाली, पाण्यात पडलेल्या झाडाच्या बुंध्याजवळ किंवा काठावरच्या पेकनच्या सावलीत शिरतात. ब्रशी क्रीकचा तळ पुष्कळ ठिकाणी सलग चुनखडकाचा आहे आणि त्या सपाट, उघड्या तळावर मासा थांबत नाही. मात्र त्याच खडकाला जेथे पायरीसारखी धार असते आणि तिच्यापुढे हातभर खोल पाणी असते, तेथे तो जवळजवळ नेहमी सापडतो. खळाळातून डोहात शिरणाऱ्या पाण्याच्या दोन्ही बाजूंना जो संथ पट्टा असतो, तो माझ्या मते अशा ओढ्यातला सर्वांत चांगला भाग होय, कारण तेथे अन्न वाहून येते, प्राणवायू मिळतो आणि माशाला प्रवाहाशी झुंजावेही लागत नाही.

साधनांवर फार शब्द खर्च करण्यासारखे काही नाही. ३ किंवा ४ वजनाचा (हा आकडा रॉडला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा वर्ग), साडेसात ते साडेआठ फुटांचा रॉड, तरंगणारी लाइन, साडेसात फुटांचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक दोरा) आणि त्याच्या टोकाला ४एक्स किंवा ५एक्स जाडीचे टिपेट (लीडरचे सर्वांत बारीक टोक) एवढे पुरते. ३ वजनाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम असते. हाताएवढ्या माशाचीही ओढ त्यामुळे मनगटापर्यंत जाणवते. सनफिशचे तोंड लहान असल्यामुळे गळ १० किंवा १२ क्रमांकाचा असावा, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून घ्यावा. ही शेवटची सूचना मी ऐच्छिक मानत नाही.

फ्लायपैकी तीन प्रकार पेटीत असले तरी संपूर्ण हंगाम निघतो: रबरी पायांचा फोमचा कोळी, छोटा पॉपर (पाण्यावर तरंगत ‘पॉप’ असा आवाज करणारी फ्लाय), आणि पाण्याखाली बुडणारी हेअर्स इअरसारखी निंफ (पाण्यातल्या अर्धवट वाढलेल्या किड्याची नक्कल). फोमचा कोळी पाण्यावर पडला की उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत त्याला हलवू नये. तेवढ्या वेळात मासा खाली येऊन थांबतो, त्याकडे पाहतो, आणि रबरी पाय नुसते थरथरले की ओठांनी हलकेच चोखून आत ओढतो. हा चावा खळबळजनक नसतो. फ्लाय एकाएकी दिसेनाशी होते, इतकेच. अशा वेळी रॉड झटक्याने उचलण्याऐवजी डाव्या हाताने लाइन ताणून घेणे पुरेसे असते.

विणीच्या हंगामाविषयी माझी काही ठाम मते आहेत. चर्चा पुढे गेली की ती सविस्तर मांडतो.

मालवणी गरी

लेख अतिशय आवडला. आमचे बालपण खाडीकाठी गेले, त्यामुळे गरवायला बसणे हा प्रकार अंगवळणी पडलेला आहे. परंतु कोळंबीचा तुकडा गरीला लावून वाट पाहणे आणि ही पिसांची माशी फेकणे यांत फारच अंतर दिसते. दोन शंका आहेत. पहिली अशी की, आमच्या घराजवळच्या ओढ्यावर दोन्ही बाजूंनी झाडे इतकी दाट आहेत की रॉड मागे नेला की फ्लाय फांदीत अडकते. तेथे फेकावे कसे? दुसरी शंका माशाविषयी आहे. गेल्या आठवड्यात बार्टन क्रीकमध्ये राखाडी अंगावर निळसर-पांढरे ठिपके असलेला, कपाळाचा भाग किंचित पुढे आलेला मासा दिसला. तो पाहताच मला आमच्याकडच्या काळुंदराची आठवण झाली. हा सनफिशच आहे का?

ओढ्याकाठी

आपले निरीक्षण अचूक आहे. तो सनफिश नसून रिओ ग्रँड सिक्लिड आहे. काळुंदर, तिलापिया आणि हा मासा एकाच सिक्लिड कुळातले आहेत, आणि अमेरिकेच्या भूमीवर मूळचा असलेला हा त्या कुळातला एकमेव मासा होय. त्याचे मूळ क्षेत्र दक्षिण टेक्सास आणि ईशान्य मेक्सिको. मध्य टेक्सासमध्ये तो माणसांच्या हातून आला आणि झऱ्यांच्या कोमट पाण्यात स्थिरावला. काळुंदराप्रमाणे याचेही नर-मादी दोघे मिळून पिलांची राखण करतात. त्याला तळाजवळ सावकाश सरकणारी निंफ आवडते. पाण्यावरच्या पॉपरकडे तो क्वचितच वळतो.

झाडांच्या दाटीवर उपाय म्हणजे रोल कास्ट. लाइन मागे हवेत उडवायचीच नाही. समोर पाण्यावर पसरलेली लाइन रॉडच्या टोकाने सावकाश, पाण्यावरून घासत मागे आणावी. रॉडचे टोक कानाच्या मागे गेले की थांबावे आणि खांद्यामागे लाइनचा अर्धवर्तुळाकार झोळ पडू द्यावा. तो झोळ पूर्ण लटकला आणि लाइनचा पुढचा भाग अजून पाण्याला चिकटून आहे, याची खात्री झाली की रॉड पुढे आणावा, वेग शेवटी शेवटी वाढवावा आणि टोक डोळ्यांच्या उंचीवर असतानाच एकदम थांबवावे. पाण्याला चिकटलेली लाइनच येथे रॉडला वाकवते. पुष्कळ जण मागे थांबण्याची घाई करतात किंवा रॉड थेट पाण्यापर्यंत खाली आणतात. पहिल्या चुकीत ताकद येत नाही, दुसरीत लाइन समोरच ढीग होऊन पडते. ओढ्यावर २५ फुटांपलीकडे फेकण्याचा प्रसंग सहसा येत नाही, त्यामुळे एवढा एक प्रकार नीट साधला तर दाट झाडी ही अडचण राहत नाही. उलट जेथे इतर कोणी गळ टाकू शकत नाही, तेथेच मोठे मासे निवांत असतात.

उंच काठ

धागा उत्तम आहे, परंतु विणीच्या हंगामाविषयी आपण काय म्हणणार याचा अंदाज येतो आहे, म्हणून माझी बाजू आधीच मांडतो. टेक्सासमध्ये सनफिशवर संख्येची किंवा लांबीची राज्यव्यापी मर्यादा नाही. हे मासे भराभर वाढतात, एका हंगामात अनेकदा वितात, आणि शेततळ्यांच्या मालकांना तर तज्ज्ञच सल्ला देतात की ब्लूगिल काढत राहा, नाहीतर गर्दी होऊन सगळेच खुरटतील. मे महिन्यात मासे उथळ पाण्यात घरटी करून बसतात तेव्हा ते स्पष्ट दिसतात, फ्लायवर हमखास येतात, आणि नव्याने शिकणाऱ्याला किंवा मुलांना त्याहून सोपी संधी मिळत नाही. घरी नेऊन मोहरीच्या तेलात तळले तर चवही चांगली असते. जे मुबलक आहे आणि ज्याला कायद्याची आडकाठी नाही, त्यावर आपण स्वतःहून बंधन का घालावे?

ओढ्याकाठी

आपण मुद्दा स्पष्ट मांडलात, त्यामुळे मलाही सविस्तर उत्तर देता येईल. मासे खाण्याला माझा विरोध नाही; मीही मध्यम आकाराचे ब्लूगिल नेतो आणि ते चविष्ट असतात. माझा आक्षेप आहे तो घरट्यावर राखण करणाऱ्या मोठ्या नराला पकडण्याला.

पाणी २० अंशांच्या थोडे पुढे गेले की ब्लूगिलचा नर खडीवर शेपटीने गाळ उडवून, झाडाभोवती करतात तशा आळ्यासारखा गोल खळगा तयार करतो. अशी आळी एकमेकांना लागून वसाहतीने असतात. लाँगइअर हा सनफिशचा दुसरा प्रकारही असाच दाटीने राहतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतरचे सगळे काम नराचे असते: परांनी पाणी हलवून अंड्यांना प्राणवायू पुरवणे, गाळ बसू न देणे, आणि आसपास टपलेले लहान सनफिश, खेकड्यासारखे क्रेफिश व गोगलगायी यांना हुसकावणे. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिले पोहू लागेपर्यंत राखण चालूच राहते. या काळात नर जवळजवळ काही खात नाही. तो आपल्या फ्लायवर झेप घेतो ती भुकेपोटी नव्हे; घरट्यावर आलेली वस्तू हटवण्यासाठी. एकदा काठावर गुडघे टेकून, पाण्यात सावली पडणार नाही अशा बेताने, कुणीतरी नर पकडून नेलेल्या एका आळ्याकडे पाहावे. शेजारचे दोन-तीन बोटांएवढे मासे आधी कडेला घुटमळतात, मग एक आत शिरतो, आणि पाहता पाहता सगळे डोके खाली घालून खडी टोचू लागतात. थोड्याच वेळात तेथे अंडे उरत नाही. म्हणजे पकडून लगेच सोडलेला नरही परत येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

आता खुरटण्याविषयी. ब्लूगिलमध्ये नर दोन मार्गांनी प्रौढ होतात. काही नर अनेक वर्षे वाढून मग घरटे करतात. काही मात्र लहान असतानाच, घरटे न करता, मादी अंडी घालत असताना चोरून आत शिरतात, आणि त्यांतले थोडे मोठे झालेले मादीसारखा रंग व वागणूक धारण करून मोठ्या नराला फसवतात. कॅनडातील ओन्टारियोमधल्या ओपिनिकॉन सरोवरात याचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. तेथे चोरटे नर सुमारे २ वर्षांचे असताना प्रौढ होतात, तर घरटे करणारे सुमारे ७ वर्षांचे झाल्यावर. टेक्सासच्या उबदार पाण्यात वाढ लवकर होते, पण तत्त्व तेच. इलिनॉयमधील संशोधनातून असे दिसून आले आहे की मोठे नर पाण्यातून नाहीसे झाले की लहान नरांना वाढत राहण्याचे कारण उरत नाही. ते लवकर प्रौढ होतात आणि वाढीची शक्ती प्रजननात खर्च करतात. परिणामी संख्या टिकते, पण आकार घटत जातो. म्हणून ‘मासे काढले नाहीत तर खुरटतील’ हे शेततळ्यातल्या गर्दीबाबत खरे असले, तरी कोणते मासे काढले यावर सगळे अवलंबून आहे. लहान आणि मध्यम मासे नेले तर गर्दी कमी होते. घरट्यांवरचे सर्वांत मोठे नर वेचून नेले तर तेच खुरटणे आपण ओढवून घेतो.

कायद्याने मर्यादा घातलेली नाही, म्हणूनच तर ही जबाबदारी आपल्यावर येते. ब्रशी क्रीकसारख्या ओढ्यात मोठ्या नरांची संख्या फार नसते आणि काठावरून ये-जा करणारे लोक पुष्कळ असतात. मुलांना शिकवण्यासाठी घरट्यांपासून दोन-तीन वाव दूर, खोल पाण्याच्या कडेला फ्लाय टाकली तरी मासे मिळतात, कारण माद्या आणि न विणारे मासे तेथेच फिरत असतात.

उंच काठ

चोरट्या नरांविषयी मला माहिती नव्हती. घरट्यांवर फ्लाय टाकणार नाही. मात्र मुलांना ती आळी काठावरून दाखवायला काय हरकत आहे? माझ्या मते तोही शिकण्याचाच भाग आहे.

ओढ्याकाठी

अवश्य दाखवावीत. ध्रुवीकृत काचांचा चष्मा मुलांना दिला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि नराचे फेऱ्या घालणे अगदी स्वच्छ दिसते. फक्त त्या खडीवरून चालू देऊ नये.

रानवाटा

माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांना मासेमारीची मनापासून आवड आहे आणि आमच्या ९ वर्षांच्या मुलीलाही त्यांच्यासोबत जायचे आहे. पाहुण्यांना परवाना लागतो का? आणि ओढ्याच्या काठाने चालत कुठपर्यंत गेले तर चालते? काही ठिकाणी ‘खासगी मालमत्ता’ असे फलक दिसतात, त्यामुळे संकोच वाटतो.

चुनखडक

रानवाटाताई, परवान्याचे मी सांगतो. १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. आपल्या सासऱ्यांना मात्र अनिवासी व्यक्तीसाठीचा परवाना घ्यावा लागेल. एका दिवसाचाही मिळतो. याला एक चांगला पर्याय आहे: टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून मासेमारी करण्यासाठी परवाना लागत नाही, फक्त उद्यानाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. ऑस्टिनच्या आग्नेयेला मॅकिनी फॉल्स हे असेच उद्यान आहे. तेथील अनियन क्रीकमध्ये सनफिश भरपूर आहेत, आणि ५०० वर्षांहून जुना एक बाल्ड सायप्रस वृक्षही आहे, जो सासूबाईंना नक्की आवडेल. याशिवाय जून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी संपूर्ण राज्यात परवान्याविना मासेमारी करता येते.

जागेविषयीचा नियम थोडा गुंतागुंतीचा आहे. टेक्सासमध्ये ज्या प्रवाहाची रुंदी मुखापासून वरपर्यंत सरासरी ३० फूट राहते, तो कायद्याने नौकानयनयोग्य मानला जातो, मग त्यात प्रत्यक्षात नाव चालो वा न चालो. आणि अशा प्रवाहाचे पात्र सार्वजनिक वापरासाठी खुले असते. त्यामुळे पात्रातून चालणे चालते, पण तेथे पोहोचण्यासाठी कोणाच्या खासगी जमिनीतून जाणे चालत नाही. उद्यान किंवा रस्त्यावरचा पूल येथूनच उतरावे. ब्रशी क्रीकलगतच्या सार्वजनिक पायवाटेने आणि उद्यानांतून इतकी जागा उपलब्ध आहे की फलकांच्या पलीकडे जाण्याची गरजच पडू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हा सगळा डोंगराळ प्रदेश अचानक येणाऱ्या पुरांसाठी ओळखला जातो. माती पातळ, खाली चुनखडक, त्यामुळे पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात येते. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी लानो नदीच्या पुरात किंग्जलंडचा पूल वाहून गेला, आणि ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडलूपला आलेल्या पुरात शंभराहून अधिक माणसे गेली. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या खोऱ्यात पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाढू लागल्या, किंवा खळाळाचा आवाज बदलला, तर सामान तसेच टाकून उंच काठावर जावे. पाहुण्यांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

रानवाटा

मनापासून आभार. मॅकिनी फॉल्सपासूनच सुरुवात करू. मुलीच्या हाती मासा देताना काय काळजी घ्यावी, तेही कोणी सांगावे. मागच्या वेळी तिच्या मित्राच्या हाताला पाठीवरचे काटे लागले आणि तेव्हापासून ती थोडी घाबरते.

ओढ्याकाठी

आधी हात ओढ्याच्या पाण्यात पूर्ण भिजवून घ्यावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे पुढे बुरशी धरते. मग तळहात माशाच्या डोक्याकडून शेपटीकडे असा सरकवत न्यावा, म्हणजे पाठीवरचे काटे आपोआप मागे मिटतात आणि हाताखाली दबून राहतात. उलट दिशेने हात नेला तरच ते टोचतात. गळ काढण्यासाठी बोटे वापरू नयेत. लांब टोकाची, डॉक्टर वापरतात तशी चिमटीची कात्री खिशात ठेवावी. काटा दाबलेला गळ ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने मागे ओढला की क्षणात निघतो. शक्यतो हे सगळे मासा पाण्यातच ठेवून करावे, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो.

मुलीला मासे ओळखायला शिकवायचे असेल तर कल्ल्याच्या झाकणामागे कानासारखी जी पट्टी असते तिच्यापासून सुरुवात करावी. ब्लूगिलची पट्टी आखूड, संपूर्ण काळी आणि बिनकडेची असते. शिवाय पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला काळा डाग असतो. रेडब्रेस्टची पट्टी लांब, अरुंद आणि काळी, तर नराचे पोट भडक केशरी. लाँगइअरची पट्टीही लांबच, पण तिला फिकट कड असते आणि गालांवर निळ्या नागमोडी रेषा असतात. ग्रीन सनफिशचे तोंड इतरांपेक्षा मोठे असते आणि परांच्या कडा पिवळसर असतात. यांपैकी रेडब्रेस्ट मूळचा अटलांटिक किनाऱ्याकडच्या नद्यांमधला आहे आणि येथे आणून सोडलेला आहे. बाकीचे तिघे इथलेच. सनफिशच्या फ्लायवर अधूनमधून हिरवट अंगाचा, कडेने हिऱ्याच्या आकाराचे डाग असलेला ग्वाडलूप बास येईल. १९८९ पासून तो टेक्सासचा राज्यमासा आहे, आणि बाहेरून आणून सोडलेल्या स्मॉलमाउथ बासशी संकर झाल्याने त्याचे शुद्ध वंश अनेक नद्यांत धोक्यात आले आहेत. तो आला तर पाण्यातच सोडावा.

जूनमध्ये मॅकिनी फॉल्सला जाणार असाल तर उद्यान उघडते त्या वेळेस पोहोचा आणि दहा-साडेदहापर्यंत आटोपा. सासऱ्यांसाठी १० क्रमांकाचा पिवळा फोमचा कोळी घ्या, मुलीसाठी तोच काळ्या रंगात. काळा रंग सकाळच्या तिरप्या उन्हात पाण्याखालून ठळक दिसतो आणि मासा तो चुकवत नाही. रॉड नसेल तर माझ्याकडे ४ वजनाचा एक जास्तीचा आहे. निरोप पाठवा, उद्यानातच आणून देतो.